रांजणाखालचा पाहुणा

खाकरण्याची एक संपूर्ण भाषा असते आणि तिच्यात राग, लोभ, भूक, संशय, फार काय आमटीत कमी पडलेलं मीठसुद्धा स्वच्छ सांगता येतं, हे मला मामंजींनी शिकवलं. आजही कुठल्या ओसरीवर एखाद्या म्हाताऱ्या माणसानं घसा साफ केला की माझा हात नकळत पदराकडे जातो आणि कानांत ते जुनं खाकरणं उमटतं : खोल, कोरडं, लाकडी दाराचा अडसर सावकाश सरकवावा तसं. बाहेरून घरात शिरतानाचं एक, चहाची वेळ झाल्याचं दुसरं, आणि भाकरी करपल्याचा वास नाकाशी आला की उमटणारं तिसरं, आखूड आणि दुखावलेलं. मी माहेरी कवितांची वृत्तं घोकत वाढलेली मुलगी. लघुगुरूंचा कान मला होता. पण मामंजींच्या एकट्या घशात जेवढी वृत्तं नांदत होती तेवढी माझ्या पाठ्यपुस्तकांतही नव्हती. इतका बोलका आणि इतका अबोल माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे. ह्यांचे आईवडील ह्यांच्या लहानपणीच गेले आणि मामंजींनी व सासूबाईंनी ह्यांना पोटच्या मुलासारखं वाढवलं. मामंजींचं सारं आयुष्य चाकणच्या कांद्याच्या बाजारात तोलणारे म्हणून गेलं. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी सासूबाई वारल्या. त्याच सुमारास पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नव्यानं उभा राहिला होता, त्यात ह्यांना नोकरी लागली, आणि ह्यांनी मामंजींना चिंचवडात, पवनेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर घेतलेल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आणलं. येताना मामंजींनी दोनच गोष्टी बरोबर घेतल्या : आपला लहान तराजू आणि घराण्याची रीत.

रीत अशी होती की सुनेनं वडीलधाऱ्या पुरुषाशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि त्यानंही सुनेला हाक मारायची नाही. जे काही सांगायचं ते घरातल्या तिसऱ्या माणसाकरवी. चाकणच्या त्यांच्या भरल्या घरात तिसऱ्या माणसांची वानवा नव्हती. जावा, नणंदा, पोरंसोरं अशा हातांहातांतून शब्द ओसरीवरून चुलीपर्यंत गरम गरम पोचत. आमच्या घरात मात्र तिसरं माणूस म्हणजे फक्त हे, आणि हे रात्रपाळीचे. सकाळी येत, दोन घास खात आणि ऊन कलेपर्यंत गाढ झोपत. मामंजींनी निरोप सांगावा तर हे जांभईतून होकार देत आणि तो निरोप उशाशी घेऊनच झोपी जात. माझ्यापर्यंत तो येई तेव्हा शिळा झालेला असे. एकदा एकादशीचा निरोप मला द्वादशीला मिळाला. एकादशीला मी आपली सुखानं भाकरी-पिठलं वाढून मोकळी झाले होते. मामंजींनी ताटाला नमस्कार केला, ते अलगद पुढे सरकवलं आणि कोपऱ्यातल्या छत्रीला म्हणाले, "आपला काय आग्रह न्हाई. पर देवाला वाईट वाटंल."

छत्रीशीच बोलले, कारण माणसांच्या गैरहजेरीत मामंजींनी घरातल्या वस्तूंना तिसऱ्या माणसाचा दर्जा दिला होता. छत्रीशी ते धर्माच्या गोष्टी बोलत, दाराच्या चौकटीशी पावसापाण्याच्या, आणि पितळी तांब्याजवळ तक्रारी मांडत. तांब्या गरीब स्वभावाचा होता, सगळं ऐकून घेई. मी आत चुलीशी बसून ते शब्द वेचायचे आणि बांगड्यांनी उत्तर द्यायचं. एक किणकिण म्हणजे होय. दोन म्हणजे डबा रिकामा आहे, वाण्याकडे जावं लागेल. आणि हात झटकन मागे घेतल्याचा लांबट आवाज म्हणजे, ऐकलं, पण पटलेलं नाही. असा आमचा संसार धातूंच्या आणि घशाच्या आवाजांवर चालला होता.

मामंजींची दुसरी खोड तोलण्याची. बाजार सुटला तरी हात सुटला नव्हता. पेपर, फणी, शेजाऱ्यांकडून आलेली वाटी, पायातली वहाण, जे हाती येईल ते डाव्या तळहातावर घेऊन ते डोळे मिटत आणि वजन सांगत. गल्लीतल्या बारशांना त्यांना खास बोलावणं असे. पाळण्यातलं बाळ हातात घेऊन ते क्षणभर हवेत तरंगवल्यासारखं करत आणि "सव्वातीन शेर. डोकं जड हाय, वकील व्हईल," असा निकाल देत. मी नवी नवरी म्हणून उंबरठा ओलांडून आले तेव्हा त्यांनी मला नुसत्या नजरेनं तोललं होतं आणि कोनाड्यातल्या समईला सांगितलं होतं, "सव्वा मण बी भरायची न्हाई. वाऱ्याच्या दिसांत दार लावून घेत जावा."

समईनं मला तेवढं जपावं अशी मामंजींची इच्छा होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. तेव्हा मला उमगत होता तो त्या घरातला मुका दिवस. हे झोपलेले असत म्हणून भांडं खाली ठेवताना त्याच्या बुडाखाली आधी माझी बोटं जात. पाणी ओतताना ते घागरीच्या काठावरून ओघळू द्यायचं, पडू द्यायचं नाही. बाहेर माळावरून वारा कारखान्याचा आंबूस, गोडसर वास घेऊन येई, भिंतीवरचं ऊन एका विटेवरून दुसऱ्या विटेवर जाई, आणि मी ओठांतल्या ओठांत कविता म्हणत बसे. आवाज न काढता म्हटलेल्या कविता हळूहळू विसरायला होतात. माझ्याही ओळी गळू लागल्या होत्या. पलीकडच्या खोलीत मामंजी तांब्याला काहीतरी सांगत असत. दोन माणसं, मध्ये एक भिंत, आणि दोघांनाही दिवसभरात कुणी हाक मारलेली नसे.

अशा त्या वैशाखात चाकणहून कांद्याची गोणी आली. ओळखीचा एक ट्रकवाला दर उन्हाळ्यात मामंजींसाठी ती आणून टाकी. मामंजींनी सवयीनं तिचा कान धरून ती जरा उचलली, पुन्हा उचलली आणि चौकटीकडे वळून म्हणाले, "वजन सरकतंय. कांदा असा सरकत न्हाई. यात जित्तं काय तरी हाय." मी बांगड्यांचा लांबट आवाज केला. गोणीत जिवंत काय असणार? मामंजींनी गोणीचं तोंड उसवलं, कांदे एकेक करून बाहेर काढले आणि तळाशी, वाळलेल्या पातीच्या आणि मातीच्या भुग्यात, एक बेडूक निघाला.

बेडूक म्हणण्यासारखं त्याच्यात फारसं उरलं नव्हतं. उन्हाळ्यात जमिनीखाली निजलेला असताना कांद्याच्या खणतीत तो वर आला असावा आणि तसाच गोणीत भरला गेला असावा. कातडी सुरकुतलेल्या पानासारखी, पाठीची हाडं तंबूच्या काठ्यांसारखी उभी, मागचा एक पाय चेचलेला. फक्त डोळे तेवढे शाबूत होते, कडेला सोनेरी रेघ असलेले. मामंजींनी त्याला तळहातावर घेतलं, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं कुणी गेल्याचीच बातमी आली. त्यांनी तराजू काढला. एका पारड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक आणि दुसऱ्यात तसंच दुसरं ओलं फडकं, म्हणजे फडक्याचं वजन त्याच्या माथी नको. नऊ तोळे. "या हाडाला वीस तोळं पायजेत," ते तांब्याला म्हणाले. "निम्मा बी न्हाई ह्यो." मग बेडकाकडे वळून, जरा आवाज मऊ करून म्हणाले, "पाव्हणं, लई हाल झालं तुमचं."

मामंजींनी जन्मात शुश्रूषा केली होती ती एकाच प्रकारच्या जिवाची, तान्ह्या बाळाची. ह्यांना त्यांनी तसंच जगवलं होतं. तेव्हा पाहुण्यांवरही तेच उपचार सुरू झाले. एका खाकरण्यात कोमट तेल मागवलं गेलं, दुसऱ्यात ओव्याशेपांची धुरी. मामंजींनी मांडी घातली, पाहुण्यांना पायांवर उताणं घेतलं आणि कपाळापासून पोटापर्यंत, अंगठ्याच्या टोकानं, अशी सुरेख मालिश केली की माझ्या माहेरच्या सुईणीनं शिकून घ्यावी. सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळून गुटीचं बोट पुढे केलं. पाहुण्यांनी तोंड उघडलं नाही. भाताची पेज, खिमटी, गुळाचं पाणी, सगळं तसंच राहिलं. दूध घालायला येणारी थेरगावची गवळण हे पाहून पदर तोंडाला लावून हसली. "लोकांच्या घरी पाळणा हलतुया," ती मला म्हणाली, "तुमच्यात बेडकाला गुटी व्हय?" मी मान खाली घालून दूध मापून घेतलं. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण लग्नाला दोन वर्षं झालेल्या बाईला असलं हसू कुठे लागतं ते हसणाऱ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांचे पाय ताठ झाले. डोळ्यांवर दुधी पडदा आला, गळ्याखालची धडधड दिसेनाशी झाली. तराजूनं आणखी अर्धा तोळा कमी सांगितला. मामंजींनी तराजू खाली ठेवला आणि ते कुणाशीच बोलले नाहीत, छत्रीशी नाही, तांब्याशी नाही. ती शांतता मला सोसेना. हे आत झोपलेले. मी दारात उभी राहिले. त्या तेलकट, चकाकणाऱ्या, कोंडलेल्या कातडीकडे पाहता पाहता मला शेजारचा रांजण दिसला, त्याच्या अंगावरचा ओलावा, त्याच्या कुशीतून पाझरणारा मातीचा गार वास, आणि मी पदर पुढे ओढून, जमिनीकडे पाहत, आयुष्यात प्रथमच मामंजींच्या देखत तोंड उघडलं.

"पाहुणे," मी बेडकाला म्हणाले, "रांजणाला कुणी तेल चोपडलं तर त्यातलं पाणी गार राहील का?"

घरात एवढं मोठं वाक्य त्या वेळी कित्येक महिन्यांत उच्चारलं गेलं नव्हतं. मामंजी दचकले. रीत मोडली की नाही याचा त्यांनी मनाशी हिशेब केलेला मला त्यांच्या भुवयांवर दिसला. बोलणं बेडकाशी होतं. रीत शाबूत होती. त्यांनीही बेडकाकडे वळून, अत्यंत अदबीनं, उत्तर दिलं. "न्हाई राहणार, पाव्हणं. बरुबर हाय. चुकलं आमचं."

मग चणाडाळीचं पीठ लावून, पुन्हा पुन्हा पाणी सोडून ते तेल आम्ही उतरवलं, म्हणजे त्यांनी हात चालवला आणि मी तांब्या धरला. रांजणाखाली ओली वाळू होती, तिच्यात एक खळगा करून पाहुण्यांना ठेवलं. रांजणाचा थेंब थांबून थांबून त्यांच्या पाठीवर पडत राहिला. दिवेलागणीला मी वाकून पाहिलं तर गळ्याखालची पातळ कातडी हलत होती.

पुढचा पेच खाण्याचा. जे हलत नाही ते पाहुणे खात नाहीत, हे एका उधळलेल्या वाळवीच्या किड्यानं आम्हांला शिकवलं : तो रांजणापाशी धडपडला आणि क्षणात दिसेनासा झाला. आता मामंजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मुंगी चिरडली तरी चुकचुकणारा माणूस. किडा-गांडूळ त्यांच्या हातून मरणं शक्य नव्हतं, आणि त्यावाचून पाहुणे जगणं शक्य नव्हतं. दोन दिवस ते चौकटीपाशी बसून या धर्मसंकटाशी झगडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, आपल्या गळ्यात माळ हाय. आपल्याला मागचं काय दिसत न्हाई. मागं कोण काय करतंय, त्येचं त्यो बगून घील." ही आज्ञा कोणाला होती ते उघड होतं. वृत्तं घोकलेली मी, त्या दिवसापासून मोरीच्या दगडाखालची गांडुळं, कंदिलाभोवतीची पाखरं आणि शेजाऱ्यांच्या फडताळातली झुरळं गोळा करू लागले. पुण्य मामंजींकडे आणि पाप माझ्याकडे, अशी आम्ही घरातल्या घरात विभागणी केली. अधूनमधून ते भिंतीकडे पाहतच विचारत, "पाव्हणं, जेवणं झाली?" आणि मी म्हणे, "पाहुणे, म्हणावं, आज दोन नाकतोडे आणि एक झुरळ. झुरळाचे पाय टाकले."

आणि अशा रीतीनं आमच्या घराला तिसरं माणूस मिळालं.

त्या उन्हाळ्यात आम्ही पाहुण्यांजवळ जे जे बोललो ते आठवलं की मला अजून आश्चर्य वाटतं. रांजण दोन खोल्यांच्या मधोमध, दाराच्या कडेला होता. अलीकडे मी धान्य निवडत बसे, पलीकडे मामंजी सुतळी वळत बसत, मध्ये पाहुणे. मामंजी सांगत, "पाव्हणं, आमची मालकीण कांदा चिरताना कधी रडली न्हाई. म्हनायची, रडायला कांदा कशाला लागतो." मी सांगे, पाहुणे, आमच्या माहेरी परसात पारिजातक होता, त्याच्या फुलांचा रंग आईच्या लुगड्याला लागायचा. मग मामंजी पाहुण्यांना विचारत की माहेरची लई आठवण येती का, आणि मी पाहुण्यांना सांगे की येते. पारिजातकाबद्दल मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळ कुठे मिळत होता, हे जागे असत तेव्हा डबा भरायची घाई असे. एकदा मामंजींनी फार आढेवेढे घेऊन पाहुण्यांपाशी चौकशी केली की आत कुणी तरी ओठांतल्या ओठांत काय पुटपुटत असतं, देवाचं असतं का. मी म्हटलं, पाहुणे, कविता असतात. मग ते म्हणाले, "पाव्हण्यांना ऐकू यील एवढ्या आवाजात म्हणाय हरकत न्हाई."

त्या दिवसापासून मी आवाज काढून म्हणू लागले. गळालेल्या ओळी एकेक करून परत आल्या.

हे कधी जागे झाले आणि दारात येऊन उभे राहिले की आम्ही दोघंही गप्प होत असू, चोरी पकडली गेल्यासारखे. हे डोळे चोळत विचारत, "कोण आलं होतं?" मामंजी गंभीरपणे सांगत, कोणी नाही, पाव्हणं आहेत.

पण मामंजींनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की करून टाकली होती. बाजारच्या दिवशी पाहुण्यांचं वजन व्हायचं, आणि ज्या दिवशी काटा वीस तोळ्यांवर स्थिर होईल त्या दिवशी त्यांना नदीकाठी सोडायचं. "पाव्हणा हाय," ते म्हणाले होते, "अंगात ताकद आली की ज्येच्या घरी त्येनं जायाचं. धरून ठिवायचा न्हाई." मामंजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मात्र दर बाजारच्या दिवशी तराजू बाहेर निघाला की मी हातचं निवडणं थांबवून काट्याकडे पाहत राही. पाहुणे अकरा तोळ्यांचे झाले, चौदांचे झाले, चेचलेला पाय भरून आला, कातडीवर शेवाळी हिरवा रंग आणि कडेला पिवळी झाक आली. मीच त्यांना भरवत होते, माझ्याच हातांनी ते बाळसं धरत होते, आणि ते बरे झाले की हे घर पुन्हा मुकं होणार होतं. मी तरीही झुरळं शोधत राहिले; भुकेल्या जिवाला हात आखडून वाढणं मला जमण्यासारखं नव्हतं.

आषाढात पाहुणे अठरा तोळे भरले. आणि तिथेच थांबले.

पुढच्या बाजारच्या दिवशी अठरा, त्याच्या पुढच्या बाजारीही अठरा. पाहुण्यांची हनुवटी आता वाळूवर टेकत नव्हती, पोट टेकत होतं. खळगा मला दोनदा रुंद करावा लागला होता. तरी काटा जागचा हलेना. "पाय अजून कच्चा हाय," मामंजी म्हणत. "हवा बी गार पडलीया. हवेनं वजन मार खातं." मला नवल वाटलं. चाकणात एका व्यापाऱ्यानं नुसता डोळ्यानं इशारा केला म्हणून चालू बाजारात काटा खाली ठेवून घरी निघून आलेला हा माणूस. त्याच्या तोलाबद्दल शंका घेणं म्हणजे देवाच्या नैवेद्यात किडे शोधणं. पण त्या दिवशी मी पाणी भरायला वाकले होते आणि माझी नजर तराजूच्या खालच्या बाजूनं गेली. दांडी मामंजींच्या उजव्या हातात होती. डावा हात सहज मांडीवर ठेवल्यासारखा. आणि त्या हाताची करंगळी पाहुण्यांच्या पारड्याला खालून उचलून धरत होती.

मी घागर भरून घेतली. ती काठोकाठ भरली, वाहू लागली, तरी भरतच राहिले. हा माणूस आमच्या बोलण्याला जपत होता. जन्मभर न केलेली लबाडी त्यानं या उतारवयात, तेही माळ गळ्यात असताना, केली होती ती दुपारच्या त्या चार शब्दांसाठी. मला वाटत होतं की भिंतीच्या अलीकडे मी एकटीच आहे. पलीकडेही कोणीतरी तितकंच एकटं आहे हे मी तोवर नुसतं पाहत होते, जाणलं नव्हतं.

मी पदर सावरला आणि म्हटलं, "पाहुणे, अजून दोन तोळे कमीच आहात म्हणायचं."

करंगळी जागच्या जागी गोठली. मामंजींनी वर पाहिलं नाही. "व्हय, पाव्हणं," ते म्हणाले, "कमीच हायेत."

असे आम्ही तिघं श्रावणात शिरलो. नदीकाठच्या खाचरांत संध्याकाळी बेडकांचा गजर चाले, एक थांबला की दुसरा, जणू अंधारालाच कंठ फुटलेला. आमचे पाहुणे ऐकत. गळा हलवत, पण आवाज काढत नसत. मग एके दिवशी, दिवा लावण्याच्या वेळी, हे डबा हातात घेऊन निघण्याच्या तयारीत असताना, रांजणाखालून असा काही भरदार, दमदार, काशाचं भांडं जमिनीवर आपटावं तसा आवाज उठला की ह्यांच्या हातातला डबा खाली पडला. पाहुण्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुलले होते. बाहेरून उत्तर आलं. त्यांनी पुन्हा साद घातली. हे चकित होऊन हसत राहिले. मामंजी आणि मी मात्र हसलो नाही.

त्यानंतर पाहुणे जेवेनात. पुढे केलेलं गांडूळ त्यांच्या नाकावरून सरपटत गेलं तरी ते बाहेरच्या दाराकडेच पाहत. दाराच्या फळीवर उड्या मारून मारून त्यांचं नाक सोलवटलं. मामंजी दिवसभर सुतळी हातात धरून बसले, वळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारचा वार नसतानाही, त्यांनी तराजू काढला. या खेपेला डावा हात त्यांनी पाठीमागे नेऊन ठेवला होता. पाहुण्यांचं पारडं एकदम खाली गेलं आणि फरशीवर टेकलं. वीस तोळ्यांच्या वर पुष्कळ होतं.

"भरलात की वो, पाव्हणं," मामंजी म्हणाले. "कवाच भरला व्हतात."

आम्ही नदीवर गेलो. हे नुकतेच येऊन झोपले होते. ओलं फडकं झाकलेली बादली घेऊन मामंजी पुढे आणि त्यांच्यापासून अंतर राखून मी मागे, रीतीप्रमाणे. काठच्या खाचरात पाणी साचलं होतं, लव्हाळ्याचा कडवट, हिरवा वास येत होता. मामंजी चिखलात गुडघ्यावर बसले, त्यांनी पाहुण्यांना एकदा तळहातावर घेतलं, डोळे मिटले, पण वजन सांगितलं नाही. मग हात पाण्याला लावला. पाहुणे थोडा वेळ तसेच बसून राहिले. त्यांच्या सोनेरी डोळ्यांत आभाळ, मामंजी, आणि मागे उभी असलेली मी, असे सगळे लहान लहान होऊन दिसत असणार. मग पाणी हललं आणि तळहात रिकामा झाला.

परतीच्या वाटेवर आम्ही एक शब्द बोललो नाही. बोलणार कोणाजवळ? रिकामी बादली मामंजींच्या हातात कडीवर किरकिरत होती, तेवढाच आवाज.

त्या माळावर आता कारखान्यांच्या भिंती खेटून उभ्या आहेत. खाचरं बुजली, आणि श्रावणातल्या संध्याकाळी गाड्यांखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही. मामंजींना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. लोकांत त्यांचा विषय निघाला की ते बारशांची आठवण काढतात, तळहातावर तरंगणाऱ्या बाळांची. मग कोणी तरी मला विचारतं की त्यांच्या हाताखाली दिवस काढणं अवघड गेलं असेल ना. मी काय सांगणार? मला दिसते ती नदीवरून परत आल्यानंतरची दुपार.

मी स्वयंपाक केला, मामंजींना वाढलं. त्यांनी मान खाली घालून जेवण उरकलं आणि ताट स्वतःच मोरीत नेऊन ठेवलं. मी चुलीशी बसून राहिले. माझ्यासाठी काढलेली भाकरी निवत चालली होती, पण घास घ्यावासा वाटेना. रांजणाचा थेंब वाळूतल्या रिकाम्या खळग्यात पडत होता आणि जिरत होता. आता पुढे रोज असंच, एवढंच माझ्या मनात येत होतं. तेवढ्यात उजेड अडला. मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे होते. असे समोरासमोर ते कधी उभे राहिले नव्हते. मी गडबडीनं पदर ओढून उठू लागले, तशी त्यांनी हातानंच मला बसून राहायची खूण केली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं नाही, कुठल्या वस्तूचा आधार शोधला नाही. मग त्या म्हाताऱ्या माणसानं सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"जेवलीस?"